पडद्याची मोटार

मी संशयी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की हिनं दुसऱ्यांचंच सगळं सांगितलं. दुधात बोट बुडवून पाहिल्याशिवाय मी कधी दूध घेतलं नाही. धोब्यानं पातळ आणलं की काठ उलटून ते माझंच आहे ना हे बघायचे. माझी आई म्हणायची, हिला देवानं नाक दिलंय ते सगळीकडे खुपसायला. खोटं नव्हतं ते. पण जिथं खरोखर नाक खुपसायला हवं होतं तिथं ते चाललं नाही, आणि त्याची शिक्षा भलत्याच बाईला झाली.

नवं राज्य नुकतंच झालं होतं त्या सुमाराची गोष्ट. आम्ही शहाद्याला राहत होतो. सासरे वारल्यावर दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. थोरल्यांकडे, म्हणजे माझ्या जेठांकडे, ब्राह्मणपुरीचं घर आणि विहिरीखालची केळीची जमीन गेली. आमच्याकडे शहाद्याचं घर, कापसाचं रान आणि सासऱ्यांची मोटार आली. सासूबाईही आमच्याच वाट्याला आल्या, पण त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, निदान इथं तरी नाही.

मोटार काळी, विलायती, लढाईच्या आधीची. मागच्या बाजूला पायाखाली लाकडी फळ्या आणि त्यांवर सतरंजी. आमच्या घराण्यात सुनांनी सासऱ्या-जेठांना तोंड दाखवायची रीत नव्हती, म्हणून बैलगाडीवर बायकांसाठी पडद्यांचा माफा असतो तसे सासऱ्यांनी मोटारीला जाड निळे पडदे शिवून घेतले होते. दोन खिडक्यांना दोन, मागच्या काचेला एक आणि पुढच्या-मागच्या सीटच्या मध्ये एक. घरचा मोठा पुरुष पुढे बसला की काचा वर करायच्या आणि चारी पडदे सोडायचे. रस्त्यानं जाताना लोक म्हणत, ती बघा पडद्याची मोटार चालली. त्यात थोडी चेष्टा असे आणि थोडा मान. पावसाळ्यापासून तिचा आवाजही वाढला होता. यजमानांना तो आवडायचा. हॉर्न न वाजवता बैलगाड्या बाजूला होतात, असं ते म्हणत.

जेठाणी माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. तिला मी जिजी म्हणायचे. बोलणं कमी आणि काम फार, अशी बाई. तिच्या हाताला गुण आहे असं सारं ब्राह्मणपुरी म्हणायचं. तिनं घातलेलं लोणचं बुरसत नाही, तिनं लावलेलं विरजण बिघडत नाही. आणि गावात मूल जन्मलं की पहिली घुट्टी पाजायला तिलाच बोलावणं यायचं. पहिली घुट्टी जिच्या बोटानं चाटावी तिचा स्वभाव बाळ घेतं, अशी आमच्याकडची समजूत. गावातली निम्मी पोरं तिच्या बोटावरचा मध चाटून मोठी झालेली. तिचा हा मान मला खुपत नव्हता असं म्हटलं तर खोटं ठरेल.

दुखणं सुरू झालं ते वाटणीनंतरच्या दसऱ्याला. सणावाराला, कार्याला आम्ही ब्राह्मणपुरीला जायचो. सकाळी यजमान आणि मी जायचो, तिथं जेवायचो आणि दुपार कलली की निघायचो. येताना जेठ तालुक्याच्या कामासाठी आमच्याबरोबर यायचे. ते पुढे बसायचे, मी मागे पडद्यात. निम्मी वाट झाली की माझं डोकं ठणकायला लागे. मग अशी झोप येई की मान सावरत नसे. घरी पोचले की ओकाऱ्या. दुसऱ्या दिवशी पाहावं तर ठणठणीत. पहिल्यांदा झालं तेव्हा मी उन्हावर घातलं, दुसऱ्यांदा पित्तावर. तिसऱ्यांदा न्हाणीत ओकत असताना सासूबाई पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"दिवस ऱ्हायना का तुले?"

दिवस राहिले नव्हते. मग त्यांनी आवाज खाली आणला आणि जिजीचं नाव न घेता दुसरं विचारलं, "तिनी काय खावाडं तुले?"

खरं तर हा प्रश्न मी स्वतःला आधीच विचारून ठेवला होता. सासूबाईंनी फक्त तो तोंडानं म्हटला. मग मी माझ्या परीनं तपास केला. यजमानांना काही होत नाही, ते तर त्याच तपेल्यातलं जेवतात. पण माझं ताट जिजी स्वतः वाढते. जाताना मला काही होत नाही, येतानाच होतं. म्हणजे जे काही होतं ते तिच्या घरात होतं. शिवाय मोटार आमच्याकडे आली हे तिला डाचत असणार. आम्ही निघालो की ती ओट्यावर उभी राहून मोटार वळणाआड जाईपर्यंत बघत राहायची. नुसती बघायची. पाहुणे निघाले की घरधनीण ओट्यावर उभी राहतेच, मीही राहते. पण ती राहिली की मला त्यात काहीतरी दिसायचं.

माघात जिजीच्या लेकीचं सातव्या महिन्याचं डोहाळजेवण होतं. पोरीची पहिलीच खेप, बाळंतपणाला माहेरी आलेली. एकुलती एक लेक, त्यामुळे जिजीनं सगळं गाव बोलावलं होतं. मी घरून निघताना दशम्या केल्या, लसणाची चटणी कुटली, पितळी लोट्यात पाणी भरून त्याला फडकं बांधलं आणि सगळं पदराखाली घेऊन गेले. यजमानांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

बायकांची पंगत बसली. खापरावरचे मांडे, आमटी, भजी, सगळं साग्रसंगीत. गरम मांडा दोन्ही हातांवर घेऊन जिजी वाढत वाढत माझ्यापुढे आली. मी ताटावर हात आडवा धरला आणि मांडीवरची दशम्यांची पुरचुंडी सोडली.

"उपास शे का तुले?" तिनं विचारलं.

"नही," मी म्हटलं. "तुमना घरनं मले पचत नही."

हळू बोलायचं ठरवलं होतं, पण माझा आवाज मुळात बारीक नाही. पंगतीतलं बोलणं थांबलं. जिजी मांडा हातावर घेऊन तशीच उभी राहिली. मांडा भाजत असणार, पण तिनं हात हलवला नाही. मग ती पुढे सरकली आणि तो शेजारच्या बाईच्या ताटात ठेवला. त्या बाईनं तो ठेवून घेतला, पण तोडला नाही. मी माझी दशमी खाल्ली, माझंच पाणी प्यायले. समोर पाटावर जिजीची लेक हिरव्या शालूत, फुलांच्या वाडीत बसली होती. ती आळीपाळीनं माझ्याकडे आणि आईकडे बघत होती.

आणि त्या दिवशीही परतताना माझं डोकं ठणकलं. जिजीच्या घरचा एक कण पोटात नव्हता, तरी घरी येऊन ओकले. दुसरी एखादी शहाणी बाई इथं थांबली असती. मी थांबले नाही. खाल्ल्यावर होत होतं तोवर मी ते अन्नात शोधलं, न खाता झालं म्हणजे ते तिच्या नजरेत आहे, असा मी हिशेब लावला. सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका आला नाही. ठसका आला नाही म्हणजे दृष्ट जबरदस्त, हे तर कुणीही सांगेल.

माझं ते एक वाक्य होळीपर्यंत गावभर झालं. ब्राह्मणपुरीहून बाजाराला येणाऱ्या बायका आमच्या ओट्यावर टेकायच्या आणि न विचारता सांगायच्या. एका घरी मूल झालं, घुट्टीला जिजीला बोलावलं नाही. तिनं कुणाकडे विरजण पाठवलं ते परत आलं. बायका म्हणतात, सख्ख्या जावेला पचलं नाही तर आपलं काय. मला ऐकून वाईट वाटलं का? नाही वाटलं. मी बरोबर ठरले असं वाटलं, आणि ते फार गोड लागलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटलं ते वाटलं.

चैत्रात सासूबाईंनी ठरवलं की आता हे निस्तरायचं. नंदुरबारच्या पलीकडे एक भगत होता, तो उतारा करायचा. यजमान कुरकुरले, पण आईपुढे त्यांचं चालत नसे. सकाळीच निघालो. ऊन आणि झळा अशा की सासूबाईंनी निघतानाच काचा वर करायला लावल्या, पडदे सोडले आणि पुढून धूळ येते म्हणून मधलाही सोडला. सासूबाई मोटारीत क्वचितच बसायच्या, आणि बसल्या तर पुढे. त्या दिवशी माझी काळजी म्हणून माझ्याजवळ मागे बसल्या.

प्रकाशा गावापाशी तापीच्या पात्रात उतरताना खालून दगड लागल्याचा आवाज झाला आणि मग लोखंड फरफटल्याचा. यजमान खाली वाकले, शिव्या देत काहीतरी तारेनं बांधलं, आणि आम्ही पुढे निघालो. आवाज आता इतका होता की बोललेलं ऐकू येईना. थोड्या वेळानं सासूबाईंनी बोलायचं थांबवलं. एरवी त्या झोपेतही बोलत. मग त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. त्यांना हलवून उठवावं असं मला कळत होतं, पण हात उचलावा असं वाटत नव्हतं. डोकं तर केव्हाच ठणकायला लागलं होतं. त्यापुढचं मला नीट आठवत नाही.

नंदुरबारच्या वेशीपाशी एका मिस्तरीची लिंबाखाली शेड होती. यजमानांनी मोटार तिथं थांबवली आणि मागचं दार उघडलं, तशा सासूबाई कलंडल्या. त्यांना धरून लिंबाच्या सावलीत बसवलं. त्या भडभडून ओकल्या, मीही. पाण्याचे हबके मारल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलल्या, "तिनी मन्हावर बी करं."

सासूबाई वाटणीनंतर ब्राह्मणपुरीला गेल्याच नव्हत्या. तरी मला त्यांचं म्हणणं पटलं. संशय असा मुरलेला असला की काहीही त्यात विरघळतं.

मिस्तरी म्हातारा होता, जाड भिंगांचा चष्मा. त्यानं आमच्याकडे एकदा पाहिलं, मोटारीकडे पाहिलं, मागच्या दारातून डोकं आत घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

"पीछे कौन बैठता है?" त्यानं यजमानांना विचारलं.

"बायका."

"काँच बंद? परदा बंद?"

यजमान म्हणाले, मोठे भाऊ पुढे असले की बंदच असतात. मिस्तरीनं पडद्याची खालची किनार चिमटीत धरून चोळली आणि बोटं दाखवली. काळी. त्या काळेपणावरून मी धोब्याला तीनदा फैलावर घेतलं होतं. मग त्यानं सतरंजी उचलली. खालच्या फळ्या काजळलेल्या, आणि दोन फळ्यांमध्ये बोट जाईल अशी फट. त्यानं यजमानांना मोटार सुरू करायला लावली आणि स्वतः मागे जाऊन धुराच्या नळीच्या तोंडावर ओलं पोतं दाबून धरलं. मी घुंघटातून बघत होते. ज्या जागी मी पाय ठेवून बसायचे तिथून, फळ्यांच्या फटीतून, निळसर धूर वर आला. संथपणे, चुलीतून येतो तसा.

"मालिक," मिस्तरी म्हणाला, "सायलेन्सर सड गया है. सारा धुआँ अंदर. बाई लोगों को इसमें बंद करके घुमाते हो? और एक घंटा चलते तो दोनों सो जातीं. फिर उठाने से भी नहीं उठतीं."

त्यानं मोटारीखाली पडून सायलेन्सर सोडवून काढला. तापीतल्या दगडानं तो निम्मा तुटला होता, पण भोकं जुनी होती. हातोडीनं एक ठोका घातला तसा गंजाचा आणि काजळीचा ढीग पडला. एका बाजूला तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळून तारेनं आवळलेला होता. हे कुणी बांधलं म्हणून मिस्तरीनं विचारलं, तर यजमान लिंबाच्या शेंड्याकडे बघू लागले. त्यांनीच बांधवून घेतला होता. मागच्या पावसाळ्यात भोक पडलं तेव्हा लोहाराकडून करून घेतलं होतं. मला हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. मिस्तरी बाजूला गेल्यावर मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

"गाडीनं बायास्ले काय सांगानं?" ते म्हणाले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं पुढे म्हणाले, "आनि तू बी तं जिजीनंच नाव ली ऱ्हायंती."



त्या मोटारीचा सायलेन्सर नंदुरबारला मिळणार नव्हता, धुळ्यालाही मिळाला नसता. मिस्तरीच्या शेडमागे लष्कराच्या मोडीतल्या एका गाडीचा सांगाडा होता. त्याचा सायलेन्सर त्यानं काढला, दोन्हीकडून कापून बेताचा केला, डाग देऊन जुन्या नळीला जोडला, सांध्यावर दोरी गुंडाळून पट्ट्या आवळल्या. फळ्यांच्या फटीवर पत्रा ठोकला. दुपार कलली. शेवटी पुन्हा ओलं पोतं दाबून दाखवलं. आत काही आलं नाही. धोबी-गवळी सोडले तर मी आयुष्यात पहिल्यांदा परक्या पुरुषाशी बोलले. म्हटलं, आणखी एकदा करून दाखवा. त्यानं न चिडता आणखी दोनदा करून दाखवलं. भगताकडे न जाता आम्ही तिथूनच परत फिरलो. पडदे सोडले होते, तरी शहादा येईपर्यंत माझं डोकं दुखलं नाही. सासूबाई मात्र हार मानायला तयार नव्हत्या. धूर तो धूर, पण नजर ती नजरच, असं त्यांचं म्हणणं.

मी दुसऱ्याच दिवशी ब्राह्मणपुरीला जायला हवं होतं. गेले नाही. आधी मी मिस्तरीवर संशय घेतला. जुना सायलेन्सर गळ्यात मारायला त्यानं ही कथा रचली नसेल कशावरून? म्हणून पडदे लावून, काचा वर करून मी शहाद्याभोवती तीनदा फिरून आले. यजमान म्हणाले, आता गाडीतच संसार मांड. डोकं स्वच्छ होतं. मग उडदाचे पापड निघाले. मग ऊन फार होतं. मध्ये निरोप आला, जिजीच्या लेकीला मुलगा झाला. बारशाचं बोलावणं आलं, मी बरं नाही म्हणून कळवलं. खरं कारण एकच, मला शरम वाटत होती. संशय बोलायला एक पंगत पुरली होती, चूक बोलायला मी सव्वा महिना लावला.

वैशाख सरता सरता गेलो. यजमान जेठांबरोबर मळ्याकडे गेले, मी आत गेले. जिजी माजघराच्या उंबऱ्याशी मूग निवडत बसली होती. वाळली होती. आतल्या खोलीत पाळणा होता, लेक त्याला झोका देत होती. मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. सडलेला सायलेन्सर, फळ्यांमधली फट, ओलं पोतं, काळी बोटं. लेकीनं झोका थांबवला आणि ऐकू लागली. जिजी मूग निवडत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "म्हंजे धूर व्हता?"

"धूर व्हता, जिजी."

तिनं सुपातले मूग एका बाजूला सारले. मग म्हणाली, "मी पोऱ्याले आजून हात नही लावा."

मला कळलं नाही. लेकीनं आतून सांगितलं. डोहाळजेवणानंतर आईनं तिच्यासाठी काही रांधलंच नाही. भाकरी शेजारणीकडून यायची. बाळंतपणात आई खोलीच्या दाराशी बसून राहिली, आत आली नाही. पहिली घुट्टी दुसऱ्या बाईनं पाजली, तीही आईनंच बोलावून आणलेली. बाळाला बघायचं झालं तर उंबऱ्याच्या अलीकडून बघते. बापानं समजावलं, लेक रडली, पण आई ऐकत नाही. लेक हे सगळं माझ्याकडे न बघता सांगत होती.

मी म्हटलं, जिजी, गावातल्या बायका बोलल्या ते बोलल्या, पण तुम्ही स्वतः कसं काय मानलंत?

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. खरंच समजत नसल्यासारखं पाहिलं.

"मले वाटनं, तू खोटं काबर बोलशी? मन्हाच हातमा काही व्हई."

माझ्यावर इतका विश्वास कुणी ठेवला असेल हे मला कधी सुचलंच नव्हतं. तिच्या जागी मी असते तर असं बोलणारणीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता.

"खरंच धूर व्हता ना?" तिनं पुन्हा विचारलं.

"मन्ही शप्पत."

ती उठली. न्हाणीत जाऊन हात धुतले, पदराला पुसले, उंबरा ओलांडून आत गेली आणि पाळण्यातून बाळाला उचललं. ते कुरकुरलं, तोंड वेडंवाकडं केलं, आणि मग तिच्या खांद्याला लागून गप्प झालं. ती त्याला घेऊन खाटेवर बसली, भिंतीकडे तोंड करून. तिची पाठ हलत होती. लेक तिच्या पायाशी जाऊन बसली. मला बस म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. शेवटी मी म्हटलं, "जिजी, तुमना हातनं मले पानी द्या."

तिनं बाळाच्या पाठीवरून हात फिरवणं थांबवलं नाही, मान वळवली नाही. लेकीला म्हणाली, "ऊठ माय, काकूले पानी दे."